वजन घटविणारी इंजेक्शने : ऑनलाइन विक्रेता कसा पारखावा?

गेल्या शरद ऋतूत ४५ वर्षे वयाच्या एक शिक्षिका विरेचनासाठी आमच्या चिकित्सालयात आल्या. भूक मंदावली आहे, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, मळमळते, मलप्रवृत्ती साफ होत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वरवर पाहता हे अग्निमांद्याचेच चित्र होते. आठवडाभर दीपन-पाचन देऊनही विशेष उतार पडला नाही. तेथेच थांबून विचार करावयास हवा होता. परंतु ऋतू सरत चालला म्हणून आम्ही स्नेहपान सुरू केले. दुसऱ्या दिवशी घृत घेतल्यानंतर त्यांना वारंवार वांत्या होऊ लागल्या आणि संध्याकाळपर्यंत मूत्रप्रवृत्ती अगदी अल्प झाली. त्यांना रुग्णालयात हलवून सलाईन लावावे लागले.

रुग्णालयात त्यांच्या मुलीने पर्समधून एक लहानशी कुपी काढून दाखविली. गेले ९ आठवडे बाई दर रविवारी वजन घटविणारे इंजेक्शन स्वतःच टोचून घेत होत्या. मोबाइलवर एक अर्ज भरला, दहा मिनिटांत चिठ्ठी आली आणि तिसऱ्या दिवशी औषध घरी पोहोचले. कोणाही डॉक्टरने त्यांना पाहिले नव्हते. मात्रा कशी मोजावी हे त्यांनी शेजारच्या मधुमेही गृहस्थांना विचारून ठरविले होते. "आयुर्वेदाच्या औषधाशी याचा काय संबंध, असे वाटले म्हणून बोलले नाही, डॉक्टर," असे त्या म्हणाल्या. सुदैवाने दोन दिवसांत त्यांना बरे वाटले. परंतु आमच्या चार पानी केसपेपरवर हा प्रश्नच नव्हता, हे आम्हांस मान्य करावे लागले. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेथूनच निर्माण झाले.

या औषधांचे स्वरूप

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही या गटातील दोन प्रमुख औषधे होत. आहारानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकासारखे कार्य ती करतात. त्यामुळे क्षुधा कमी होते, तृप्ती लवकर येते आणि आमाशय रिकामे होण्याचा वेग मंदावतो. दोन्ही औषधे आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचली जातात. टिर्झेपाटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा झाला. किंमत उतरली की मागणी वाढते, आणि मागणीमागोमाग तऱ्हेतऱ्हेचे विक्रेतेही येतात.

या औषधांचा गुण नाकारण्यात अर्थ नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ व्यक्तींवरील चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्या गटात ही घट २.४ टक्के होती. मात्र त्याच चाचणीच्या पुढील अभ्यासात, औषध बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. घटलेल्या वजनात मेदाबरोबर मांसाचाही वाटा असतो. म्हणजेच ही दीर्घकालीन चिकित्सा आहे. लग्नसराईपूर्वी दोन महिने घेऊन सोडून देण्याची ही वस्तू नव्हे.

धोका कोठे आहे?

मळमळ, वांती, मलावष्टंभ किंवा अतिसार हे नेहमीचे उपद्रव होत. ते सुसह्य व्हावेत म्हणून अल्प मात्रेने आरंभ करून ती पायरीपायरीने वाढवितात. वजनासाठी सेमाग्लुटाइड आठवड्यास ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवीत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. टिर्झेपाटाइडचा आरंभ २.५ मिलिग्रॅमने होतो. ही पायरी चुकली तर औषधाचे विष होण्यास वेळ लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये याविषयी इशारा दिला. कुपीतून सिरिंजने औषध ओढताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि सिरिंजवरील युनिट यांचा घोळ होऊन काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या ५ ते २० पट औषध घेतले होते आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले होते.

दुसरा धोका बनावट औषधाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट असल्याचा संशय असलेले ओझेम्पिक टोचल्यानंतर काही व्यक्तींची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरली. त्या पेनमध्ये सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावे, असे तेथील अधिकाऱ्यांनी कळविले. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडविषयी इशारा प्रसिद्ध केला. असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांत आढळला होता.

तिसरा धोका रुग्णनिवडीचा. ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या कुटुंबात थायरॉइड ग्रंथीच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास आहे, त्यांना ही औषधे वर्ज्य आहेत. गर्भिणीस ती देत नाहीत. गर्भधारणा योजिली असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपाटाइडमुळे तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम उणावू शकतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असल्यास रक्तशर्करा अति उतरण्याची भीती असते. स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताश्मरी यांची शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. इतके सारे विचारल्याशिवाय जो औषध पाठवितो, तो चिकित्सेत सहभागी नसून केवळ माल पोहोचवितो.

विक्रेता पारखण्याच्या कसोट्या

रुग्ण आपल्यासमोर मोबाइल धरून "येथून घेऊ का?" असे विचारतो, तेव्हा "घेऊ नका" एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही. तो बाहेर जाऊन घेतोच, आणि पुढच्या वेळी आपणांस सांगत नाही. म्हणून पुढील कसोट्या त्याच्या हाती द्याव्यात.

१. औषधाआधी प्रश्न विचारले जातात का? ब्रिटनमध्ये औषधालयांचे नियमन करणाऱ्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑनलाइन औषधालयांना बजावले की, वजन घटविण्याच्या औषधांसाठी केवळ प्रश्नावलीवर विसंबून चालणार नाही. रुग्णाची उंची आणि वजन स्वतंत्रपणे पडताळले पाहिजे. तो नियम आपल्या देशाचा नसला तरी कसोटी म्हणून उत्तम आहे. वजनाचा आकडा मनाने लिहिला तरी जेथे औषध मिळते, ते ठिकाण टाळावे.

२. चिठ्ठी कोणाची? तिच्यावर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संगणकीय बुद्धिमत्तेला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. डॉक्टरांशी प्रत्यक्ष किंवा किमान व्हिडिओवर बोलणे झाले पाहिजे. शक्यतो ते अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ किंवा एम. डी. मेडिसिन असावेत.

३. औषध कोणते दुकान पाठविते? मोबाइलवरील आकर्षक नाव हे दुकान नव्हे. त्यामागे नमुना २० व २१ मधील परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेले औषधालय असावे लागते. ऑनलाइन औषधविक्रीसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, पण पुढे अनेक वर्षे तो मसुदाच राहिला. म्हणून परवानाधारक दुकान हाच आधार मानावा. बिलावर दुकानाचा पत्ता, परवाना क्रमांक, औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. बॅच क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे ताडून पाहावे.

४. औषध थंड पोहोचते का? न वापरलेले पेन वा कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. एकदा गोठलेले औषध वितळले तरी वापरू नये. वैशाखात नागपूर किंवा जळगावला साध्या पुड्यातून आलेले इंजेक्शन स्वस्त पडले असे म्हणता येणार नाही.

५. नंतर कोण भेटते? मात्रा वाढविण्यापूर्वी विचारपूस होते का, वांत्या थांबत नसल्यास फोन कोण उचलतो, औषध बंद कसे करावे हे कोण सांगते? याचे उत्तर नसेल तर किंमत कितीही कमी असो, निवड चुकीची आहे.

समाजमाध्यमांवरून, बिलाशिवाय किंवा 'केवळ संशोधनासाठी' असा शिक्का मारून विकली जाणारी पावडरची कुपी या पाचांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. तिच्याविषयी मात्र निःसंदिग्ध 'नाही' म्हणावे.

आपल्या औषधालयांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे आपल्या अनेक सभासदांच्या औषधालयांकडे नमुना २० व २१ मधील परवाना नाही. अशा दुकानातून ही इंजेक्शने विकणे, किंवा 'ओळखीच्या ग्राहकासाठी' मागवून देणे, हा कायद्याचा भंग आहे. शीतकपाटात जागा आहे हा परवाना नव्हे.

दुसरा मोह जाहिरातीचा. दारुहळदीतील बर्बेरिनला 'निसर्गाचे ओझेम्पिक' म्हणण्याची टूम २०२३ पासून समाजमाध्यमांवर निघाली. दारुहरिद्रेचे कर्तृत्व आपण जाणतो. तिला दुसऱ्याच्या नावाची उसनवारी नको. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्य आणि मधुमेह या दोहोंचा समावेश आहे, हेही विसरू नये. सिब्युट्रामिन हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. तरीही 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविण्याच्या कॅप्सुलांत ते भेसळ म्हणून अमेरिकेतील तपासण्यांत वारंवार सापडले. अशा प्रत्येक घटनेचा डाग प्रामाणिक मेदोहर गुग्गुळावरही पडतो. ज्या कसोट्या आपण इंजेक्शनाला लावतो, त्याच आपल्या फडताळावरील मालासही लावल्या पाहिजेत.

आपल्या केसपेपरवर एक ओळ

वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती एवढीच की, प्रत्येक रुग्णास स्पष्ट शब्दांत विचारावे : "वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याचे इंजेक्शन घेता का? कोठून आणता? मागील मात्रा कधी घेतली?" सेमाग्लुटाइडचा अंश शेवटच्या मात्रेनंतरही सुमारे पाच आठवडे शरीरात राहतो, म्हणून "आता बंद केले आहे" हे उत्तर पुरेसे नाही, तारीख हवी.

इंजेक्शन चालू असताना दिसणारी अरुचि आणि गौरव ही औषधजन्य असू शकतात. केवळ अग्निमांद्य समजून दीपनाचा मारा करू नये. आमाशय मंदावलेले असताना स्नेहपान, आणि द्रवधातू आधीच उणावलेला असताना वमन-विरेचन, हे साहस टाळावे. पोटात तीव्र वेदना होऊन ती पाठीकडे जात असेल, तर परिणामशूल म्हणून थांबवून न ठेवता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. शस्त्रकर्म ठरले असल्यास भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनाची माहिती देण्यास सांगावे. आणि ज्यांच्याकडे ही चिकित्सा योग्य रीतीने चालू आहे, त्यांच्यासाठी आपणांस करण्यासारखे पुष्कळ आहे : अल्प आहारातही मांसधातूचे पोषण होईल अशी योजना, बल पाहून व्यायाम, मलावष्टंभाचा सौम्य उपाय, आणि औषध थांबल्यावर वजन परतू नये म्हणून दिनचर्येची बांधणी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विचार एकत्र केला आहे. वजन घटविताना रुग्णास कार्श्याच्या टोकास न नेण्याची जबाबदारी त्यातूनच आपणांवर येते.

त्या शिक्षिका पुढे विशेषज्ञांच्या देखरेखीखाली गेल्या. इंजेक्शन चालू ठेवावयाचे की नाही, हा निर्णय त्यांनी त्यांच्याशी बोलून घेतला. विरेचन आम्ही यंदापुरते रद्द केले आणि केसपेपर नव्याने छापून घेतला. वर दिलेला प्रश्न त्यात पहिल्याच पानावर, ॲलर्जीच्या रकान्याखाली आहे. सभासदांनी आपल्या चिकित्सालयातही तो आजपासूनच विचारण्यास आरंभ करावा, ही नम्र विनंती.