मिनिमम भरलं, मग व्याज कसलं?

‘मिनिमम भरलंय ना, मग व्याज कसलं?’ दादरच्या साडीच्या दुकानापासून लालबागच्या चिवडा गल्लीपर्यंत कुठेही क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल हे ऐकू येतं. बोलणारे अडाणी नसतात; महिन्याचा खर्च ॲपवर रंगीत गोलात मांडून दाखवणारे असतात.

व्याज लागतं. मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि खात्यावर थकबाकीचा शिक्का बसत नाही. बस, इतकंच.

हिशोबच करू. रानडे रोडवरच्या दिवाळी खरेदीचं बिल ४०,००० रुपये. मिनिमम ५ टक्के धरलं तर २,०००. ते भरले, उरले ३८,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी त्यावर व्याज १,३३०, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २३९. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भराल, तेव्हा मुद्दलातून सुटतील जेमतेम ४३०! वर गंमत अशी की व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. शिवाय बाकी ठेवली की बिनव्याजी मुदतही जाते. मग कार्डावर घेतलेल्या भाजीवरही त्याच दिवसापासून मीटर सुरू.

हे बँका लपवतात असंही नाही. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी भाग पाडलं आहे. आपण तो वाचत नाही. ऑटो-डेबिट लावताना ‘टोटल’ निवडलं की ‘मिनिमम’, हेही अनेकांना आठवत नाही. आत्ता उघडून बघा.

‘पण ३० टक्क्यांवर व्याज घेता येत नाही ना?’ राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तसं म्हटलं होतं, खरं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. ब्रिटिश काळातल्या रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात कामगारांच्या कर्जाबद्दल लिहिताना सावकाराचा नेहमीचा दर नोंदवला आहे: रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्यावर आपण हळहळतो, आणि महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के मात्र कार्ड चकचकीत आहे म्हणून चालवून घेतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. आपला क्रेडिट स्कोअर आपणच पाहिला तर तो घसरत नाही. चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यांतलं सिबिल हे सरकारी खातं नाही. सेनापती बापट मार्गावर, पूर्वी जिथे ज्युपिटर मिल होती तिथल्या टॉवरमध्ये कार्यालय असलेली ती खाजगी कंपनी आहे. कर्ज द्यायचं की नाही ते सिबिल नव्हे, बँक ठरवते. कार्डावर एटीएममधून रोकड काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, तिथे ‘४५ दिवस बिनव्याजी’ वगैरे काही नसतं. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो ‘द्यावेच लागतात’ हेही खोटं, ते मागायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

आणि कात्रीने कार्ड कापलं म्हणजे खातं बंद झालं, असं नाही. बाकी चुकती करून बंद करायचा अर्ज द्यावा लागतो. बँकेला सात कामाचे दिवस मिळतात. त्यापुढे उशीर केला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा. तो मागून घ्या.