व्यावसायिक अहवालातील शोधसूत्रे : पेणच्या मूर्तिव्यवसायाच्या उदाहरणाने एक विवेचन

पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी सर्वश्रुत आहेत. येथील मूर्ती मुंबई-पुण्याप्रमाणेच परदेशीही रवाना होतात. अशा व्यवसायात मागणीची नोंद आणि दरांची यादी स्वाभाविकपणेच निराळी असते. पहिलीत गिऱ्हाईक, साच्याचा क्रमांक व नगसंख्या. दुसरीत साच्याचा क्रमांक व दर. क्रमांकाच्या आधारे या दोहोंची सांगड घालणे हेच स्प्रेडशीटमधील शोधसूत्राचे कार्य होय. १९७९ साली आलेल्या ‘व्हिसिकॅल्क’मध्येही असे सूत्र होते.

एक्सेलमधील ‘व्हीलुकअप’ या सूत्रास चार गोष्टी सांगता येतात : काय शोधावयाचे, कोणत्या कोष्टकात, कितव्या रकान्यातील मूल्य आणावयाचे, आणि जुळणी तंतोतंत हवी की निकटची. यांपैकी चौथी ऐच्छिक आहे, आणि अनर्थाचे मूळ नेमके तेथेच आहे. ती वगळल्यास सूत्र यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे समजून निकटची जुळणी करते. क्रमांक न सापडल्यास त्याहून लहान क्रमांकांपैकी सर्वांत मोठ्याचा दर देते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दरयादीत १०१, १०३ व १०४ हे साचे आहेत. १०१ चा दर ९०० रुपये. १०२ क्रमांकाच्या २० मूर्तींची मागणी आली, परंतु त्याचा १,१५० रुपये हा दर यादीत चढविण्याचे राहून गेले. निकटची जुळणी निमूटपणे ९०० रुपये हा दर आणील. बीजक ५,००० रुपयांनी कमी होईल आणि पाहणाऱ्यास काहीही वावगे दिसणार नाही. तंतोतंत जुळणी मागितली असती, तर त्या जागी ‘एन/ए’ हा दोषसंकेत उमटला असता.

हा संकेत बेरजेतही उतरतो, म्हणून पुष्कळजण ‘इफएरर’ वापरून त्याजागी शून्य आणतात. अहवाल नेटका दिसतो खरा. पण आता पूर्ण २३,००० रुपये बेरजेतून गळतात. तेव्हा दोषसंकेत पुसण्यापूर्वी न जुळलेल्या नोंदी मोजून ती संख्या अहवालाच्या शिरोभागी देणे, हाच प्रशस्त मार्ग होय.

निकटची जुळणी सर्वथा त्याज्य आहे असे मात्र नव्हे. नगसंख्येच्या टप्प्यांनुसार सूट ठरवावयाची असेल, तर तीच उपयुक्त ठरते. कारण तेथे ३७ नगांसाठी वेगळी ओळ नसणे हे अपेक्षितच असते. साच्याचा क्रमांक ही ओळख आहे, नगसंख्या हे परिमाण. परिमाणाला निकटता चालते. ओळखीला चालत नाही.

२०१९ साली जाहीर झालेल्या ‘एक्सलुकअप’मध्ये तंतोतंत जुळणी हीच गृहीत धरलेली आहे. तथापि जुन्या फायली अद्याप वापरात आहेत, आणि यादीतील उणीव कोणतेही सूत्र भरून काढू शकत नाही. ती लपवू नये, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून व ते लिहिणाऱ्याकडून करता येते.