मेंदूतल्या गुठळ्या आणि होमोसिस्टीन

माझ्या नावापुढे 'डॉक्टर' लागत असले तरी पदवी अभियांत्रिकीची; तेव्हा हा वैद्यकीय सल्ला समजू नये. पण वाहिन्या, प्रवाह आणि अडथळे हे विषय आम्हालाही परके नाहीत.

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी तुंबली की पक्षाघात होतो, हे आपण जाणतो. पण मेंदूतून रक्त परत नेणारी नीलाही गुठळीने तुंबू शकते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी ही अवस्था. दाब वाढतो, सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. हा विकार विरळा, पण तरुण वयात, विशेषतः स्त्रियांना होणारा. गर्भनिरोधक गोळ्या आणि बाळंतपण यांमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात शरीरातले पाणी घटले की रक्त आणखी दाटते. म्हणून बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी समजूत घातक आहे.

आता रक्तातल्या रसायनाकडे वळू. प्रथिनांच्या चयापचयात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य तयार होते. त्याची विल्हेवाट लावायला ब-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वे लागतात. ती अपुरी पडली की ते रक्तात साचते; आणि ज्यांच्यात ते वाढलेले असते त्यांच्यात मेंदूच्या नीलांतील गुठळ्या अधिक आढळतात. ब-१२ भाज्या-डाळींत नसते. दूध-दह्यातून थोडेच मिळते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ६७ टक्के जणांत ब-१२ कमी, ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त!

मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की धोका टळला? इतके सोपे नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरते, पण नीलांतील गुठळ्या पुन्हा होणे थांबते असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. तरीही ब-१२ ची कमतरता भरून काढावीच, कारण तिने मज्जातंतूंना इजा होते.

लक्षात ठेवायचे ते हे: दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे किंवा आकडी आल्यास तातडीने इस्पितळ गाठावे. साधा सी.टी. स्कॅन निर्दोष दिसला तरी नीलांचे वेगळे चित्रण करावे का, हे जरूर विचारावे. निदान वेळीच झाले तर गोठणविरोधी औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.