वाघनखांचा फेरफार

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की कापडे येतं. इथून तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला जाता येतं आणि आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान मारला गेला तो याच गडाच्या पायथ्याशी. या मुलखात जमिनीवर हक्क सांगायचा तर तलाठी फेरफार काढतो : कुणाकडून आली, कुणाला गेली, कधी. संग्रहालयातल्या वस्तूलाही हेच विचारलं जातं. शिवाजी महाराजांनी खानाला ज्यांनी मारलं असं सांगतात, त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या वाघनखांना ते विचारून पाहावं.

अलीकडचं टोक पक्कं आहे. म्युझियमला ही नखं एड्रियन ग्रँट डफने दिली. त्याचा आजोबा जेम्स १८१८ नंतर साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. ग्रंथ १८२६ चा.

खरी गंमत नखांच्या पेटीवर आहे. त्यावरच्या इंग्रजी मजकुरानुसार, शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, आणि पेशव्याच्या पंतप्रधानाने ते ईडनच्या जेम्स ग्रँट डफला साताऱ्यात दिलं. आता अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेशवा तर स्वतःच छत्रपतींचा पंतप्रधान! शिवाय साताऱ्यात असताना या गृहस्थाचं नाव नुसतं जेम्स ग्रँट होतं. ईडनची जहागीर आणि ‘डफ’ हे आडनाव त्याला स्कॉटलंडला परतल्यावर, १८२५ च्या सुमारास मिळालं. म्हणजे हा मजकूर साताऱ्यातला नाही, नंतर कधीतरी लिहिलेला आहे. मला तर तो ग्रँट डफच्या हातचाही वाटत नाही. खान विजापूरचा हे त्याच्या ग्रंथातच आहे.

त्यामागे सगळा अंधार. प्रतापगडचा प्रसंग आणि १८१८ यांच्यामध्ये १५९ वर्षं आहेत. सभासदाच्या बखरीत वाघनख आहे, आणि बखर १७ व्या शतकाच्या अखेरची. तेव्हा हत्याराची गोष्ट जुनीच. पण गोष्टीतलं वाघनख आणि पेटीतलं वाघनख एकच, हे जोडणारी कडी नाही. बाजीराव दुसरा जून १८१८ मध्ये शरण आला, तेव्हा हत्यारं इंग्रजांच्या हाती गेली असतील, अशी शक्यता म्युझियम मांडतं. हीच नखं महाराजांनी वापरली याची खात्री करता आलेली नाही, हेही तेच सांगतं. वस्तू बाळगणाऱ्यानेच असं म्हणावं, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. आपल्याकडे मात्र वादाला ऊत आला. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी ‘ही नखं महाराजांचीच’ या दाव्यावर आक्षेप घेतला तेव्हा कागद मागण्यालाच काहींनी अवमान ठरवलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने लंडनला करार केला आणि जुलै २०२४ मध्ये नखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. आली ती ३ वर्षांच्या बोलीवर. मालकीच्या रकान्यात लंडनचंच नाव आहे.