गुणी लेकरू आणि गळ्यातली ग्रंथी

कला शाखेच्या विद्यार्थिनीला विज्ञानाशी काय कर्तव्य, असे कुणी म्हणेल. परंतु मानसशास्त्राच्या पुस्तकातले ग्रंथींवरचे प्रकरण वाचताना मावसबहिणीचा विचार माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. दवाखान्यात तिला सारे थायरॉइडच म्हणतात. ती रक्तात जे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडते तो एक निरोप्याच समजावा. तो मेंदूतल्या पेशीच्या थेट केंद्रकात शिरतो आणि तेथल्या जनुकांना कामाला लावतो. अर्भकाच्या मेंदूतील चेतापेशी जेथे जन्मतात तेथेच राहत नाहीत. त्यांना ठरलेल्या जागी सरकत जावे लागते, फांद्या फोडाव्या लागतात, शेजारच्या पेशींशी जोड बांधावे लागतात. शिवाय त्यांच्या लांब तंतूंवर, विजेच्या तारेवर रबर असते तसे, मेदाचे आवरण चढावे लागते; ते नसेल तर संदेश रखडत जातो. ही सारी कामे या निरोपावाचून अडतात.

मोठ्या माणसाला हे संप्रेरक कमी पडले तर तो सुस्तावतो, विसराळू होतो, आणि गोळी सुरू केली की बहुधा सुधारतो. बाळाचे तसे नाही. पहिले काही महिने गर्भाला आईचेच संप्रेरक मिळते, पुढे त्याची स्वतःची ग्रंथी कामाला लागते. जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षे वाया गेली, तर राहिलेली बांधणी मागाहून भरून येत नाही. मागावर उभे धागेच कमी पडले तर आडवे कितीही घाला, चादर नीट उतरत नाही, हे सोलापूरकरांना काय सांगावे!

माझी मावशी विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन ती बसली की लेकरू शेजारी गप्प. रडणे नाही, भुकेचा हट्ट नाही. 'लई गुणाचं लेकरू,' असे सारी गल्ली म्हणे. कावीळ बरेच दिवस रेंगाळली, शौचाला खडा होई, बेंबी फुगलेली, जीभ मोठी. प्रत्येक गोष्टीला घरगुती इलाज होताच. ही सगळी एकाच आजाराची लक्षणे आहेत हे कळेपर्यंत ती साडेतीन वर्षांची झाली. आता रोज गोळी घेते, उंचीही वाढली. पण चौदाव्या वर्षी तिला सुटे पैसे मोजता येत नाहीत. नातेवाईक मात्र मावशीलाच बोल लावतात, पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही म्हणून.

वास्तविक अशा बाळाची ग्रंथी पुष्कळदा गर्भातच नीट घडलेली नसते. त्यात आईचा काय दोष? आयोडीनची कमतरता हे दुसरे कारण. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे.

मुंबईत डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १२,४०७ नवजात बालके तपासली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर २,४८१ बालकांमागे एकाला हा आजार आढळला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यायचे, एवढीच तपासणी. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर अशी मुले बहुधा इतरांच्या बरोबरीने शिकतात. आपल्याकडे अजून प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही. तिचे नाव टीएसएच. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी ती होते का, हे बाळंतपणाच्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवावे.