सलामीचा विजय

मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगच्या २०२१-२२ मोसमाची सुरुवात २२ नोव्हेंबर २०२१ रोजी फातोर्ड्यात केली आणि एफसी गोवाला ३-० असे लोळवले. इगोर अंगुलोने पूर्वार्धातच दोन गोल केले, त्यातला एक पेनल्टीवर. तिसरा यगोर कॅटाटाऊचा. कोविडमुळे स्टेडियम रिकामे होते, त्यामुळे चाहत्यांचा जल्लोष घरोघरी टीव्हीसमोरच झाला. गतविजेत्यांचे नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांना याहून देखणी सलामी मिळणे कठीणच. तरीही वीस सामन्यांच्या साखळीत संघ पाचवा आला, उपांत्य फेरी हुकली. आदल्या मोसमात नेमके उलटे घडले होते: नॉर्थईस्ट युनायटेडकडून सलामीलाच ०-१ हार, अहमद जाहूला लाल कार्ड आणि मोसमाअखेर शील्ड व करंडक दोन्ही मुंबईकडे.