घण, गोफण आणि गोल्फ

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलात, तर घिसाड्याच्या पालापाशी जरा थांबा. कुणाची कुऱ्हाड, कुणाचं खुरपं शेवटून द्यायचं काम चाललेलं असतं. घरधनी सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो आणि समोर उभी राहून त्याची बायको दोन्ही हातांनी घण घालते. आपण घणाकडे बघत राहतो. खरं म्हणजे बघायला हवं तिच्या पायांकडे. पावलं फाकवून रोवलेली, गुडघे किंचित वाकलेले. घण वर जातो तेव्हा खांदे वळतात, कंबर वळते, पण बाई उजवीकडे सरकत नाही. सरकली तर पुढचा घाव लोखंडावर न पडता सांडशी धरलेल्या हातावर पडेल. चूक सुधारायला इथे दुसरा डाव नसतो.

गोल्फ हा अहिल्यानगर जिल्ह्यात पारावर बोलला जाणारा खेळ नव्हे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, तेव्हाही आपल्याकडे चर्चा झाली ती चौथ्या आलेल्या अदिती अशोकची, आणि तीही चार दिवस. पण गोल्फ शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात जी चूक हमखास छळते, ती या घिसाडणीला पटकन कळेल. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे नेताना, म्हणजे बॅकस्विंगमध्ये, शरीर वळण्याऐवजी कमरेतून बाजूला सरकतं. इंग्रजीत त्याला ‘स्वे’ म्हणतात. आपण हेलकावा म्हणू.

हेलकाव्याने बिघडतं काय? शाळेतला वर्तुळ काढायचा कंपास आठवा. टोक जागचं हललं की वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. क्लबचं डोकंही अशाच एका मोठ्या कमानीत फिरतं आणि कमानीचा मध्य असतो साधारण छातीच्या वरच्या भागात. आयर्न, म्हणजे चपट्या धातूच्या डोक्याचा क्लब, मारताना कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या चार बोटं पुढे पडावा लागतो. म्हणजे आधी चेंडू, मग माती. मध्यच चार-सहा बोटं मागे सरकला आणि वेळेत परत आला नाही, तर तो बिंदूही मागे येतो. मग आधी माती उडते आणि चेंडू दहा पावलांवर जाऊन बसतो.

‘परत येऊ की’ असं वाटणं साहजिक आहे. पण वेळेचा हिशेब बघा. क्लब मागे न्यायला पाऊण सेकंद लागतो, खाली आणायला पाव सेकंद. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हात हलायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. चूक कळेपर्यंत फटका होऊन गेलेला असतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते फक्त सुमारे अर्धा मिलिसेकंद. चेंडूचा व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम असावं, असा नियम आहे. एवढ्याशा गोळीवर अर्ध्या मिलिसेकंदात नेम साधायचा, तर कमानीचा मध्य रोज नव्या जागी असून भागणार नाही.

जागचं न सरकण्याचं दुसरं कारण ओढीचं. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला ते सांगायला नको. दगड जितका जोरात फिरतो, तितका हाताला बाहेर खेचतो. ड्रायव्हर या लांब फटक्याच्या क्लबचं डोकं जेमतेम 200 ग्रॅमचं, पण व्यावसायिक खेळाडूच्या हातात ते ताशी सुमारे 180 किलोमीटर वेगाने चेंडूवर येतं. त्या क्षणी त्याला कमानीत धरून ठेवायला 30-40 किलोचं पोतं उचलावं इतकी ताकद लागते. ही ओढ पेलायला पाय आणि कंबर जागेवर हवीत.

मध्य जागेवर ठेवायचा जुना सल्ला म्हणजे डोकं न हलवणं. विख्यात गोल्फपटू जॅक निक्लॉस 10 वर्षांचा असताना प्रशिक्षक जॅक ग्राउटकडे शिकायला गेला. ग्राउटचा सहायक समोर उभा राहून निक्लॉसचे केस मुठीत धरायचा आणि पोराने फटके मारायचे. डोकं हललं की केस ओढले जायचे. पोरगा रडायचा, पण पुढे त्याने 18 प्रमुख स्पर्धा जिंकल्या. ही गोष्ट ऐकून मात्र पुष्कळ जण डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं धरतात, आणि मग उजव्या हाताने खेळणाऱ्याची पाठ उलटी डावीकडे झुकते. माझ्या मते ‘डोकं हलवू नको’ हा अर्धाच सल्ला आहे. ड्रायव्हर मारताना चांगल्या खेळाडूंचंही डोकं थोडंसं मागे जातं.

खरी गंमत पायाखाली आहे. दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून बॅकस्विंग केला, तर उजव्या काट्याचा आकडा चांगलाच चढतो. शरीर मात्र जवळपास तिथेच असतं. दाब सरकणं वेगळं आणि देह सरकणं वेगळं. नवशिका ‘वजन मागच्या पायावर घे’ ऐकतो आणि अख्खी कंबर तिकडे नेऊन ठेवतो. वजन जायला हवं उजव्या पावलाच्या आतल्या बाजूवर, टाचेकडे. ते बाहेरच्या कडेवर गेलं की हेलकावा झालाच म्हणून समजा. कंबर वळते तेव्हा उजवा खुबा बाजूला नाही, पाठीमागे जातो. खुब्याचा सांधा आतल्या बाजूला पुरेसा वळत नसेल, तर शरीर सोपी वाट धरतं आणि सरकून मोकळं होतं.

पडताळा घ्यायला मैदान लागत नाही. उजव्या खुब्यापासून दोन बोटं अंतरावर एक काठी मातीत हलकीच रोवायची आणि हातात दुसरी काठी घेऊन सावकाश वळायचं. मी अंगणात करून पाहिलं. पहिल्या तीन वेळा काठी आडवी झाली. चौथ्या वेळी उभी राहिली, पण तेव्हा मी वळलोच नव्हतो, नुसते हात वर केले होते.